पायोनिअर रँचरच्या कुटुंबाचे चरित्र कसे लिहावे

अमेरिकेच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरांचे कळप घेऊन स्थायिक झालेल्या एखाद्या रँचरचे, म्हणजे रँच (गुरे पाळण्याची विस्तीर्ण जागा) उभारणाऱ्या मालकाचे, चरित्र लिहायला घेतले, की लेखणी आपसूक घोडे, बंदुका आणि हिमवादळांकडे वळते. हा मोह टाळून सुरुवात जमिनीच्या कागदांपासून करावी. रँच एकट्या पुरुषाने उभी केली, असे घरोघरी सांगितले जाते. कागद मात्र बहुधा त्याची बायको, मुले, मेहुणे आणि गडी यांचीही नावे सांगतात.

२० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला, पाच वर्षे वास्तव्य करून जमीन कसण्याच्या अटीवर, किरकोळ शुल्कात १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू शकत असे. या जमिनींच्या सनदा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अमेरिकी संघीय खात्याच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधता येतात. सनद मिळाली की अनेक जण तेथेच थांबतात, हे बरोबर नाही. सनदेत फारसे काही नसते. खरा ऐवज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील मूळ फाइलमध्ये असतो. ताबा पक्का करताना अर्जदाराला आणि त्याच्या साक्षीदारांना छापील प्रश्नावलीची उत्तरे द्यावी लागत: घर केव्हा बांधले, कुटुंबात कोण कोण आहे, सर्व जण सलग तेथेच राहिले का, नसल्यास किती काळ आणि कशासाठी बाहेर होते, किती एकर नांगरली, विहीर आणि कुंपण आहे का. दारे-खिडक्यांपर्यंतचे तपशील देणारी अशी एखादी जबानी हाती आली, तर घराचे वर्णन कल्पनेने करण्याची गरज उरत नाही. टेक्सासबाबत मात्र हा मार्ग चालत नाही, कारण १८४५ मध्ये संघराज्यात सामील होताना त्या राज्याने आपली सार्वजनिक जमीन स्वतःकडेच ठेवली. तेथील कागद ऑस्टिनमधील राज्याच्या भूमी कार्यालयात पाहावेत.

येथे एक प्रश्न पडलाच पाहिजे: कोरड्या प्रदेशात १६० एकरांवर मोठा कळप पोसणार तरी कसा? भूगर्भशास्त्रज्ञ आणि संशोधक-प्रवासी जॉन वेस्ली पॉवेल यांनी कोरड्या प्रदेशांवरील १८७८ च्या आपल्या अहवालात चराऊ शेतासाठी २,५६० एकर सुचवले होते, यावरून हे अंतर लक्षात यावे. प्रत्यक्षात रँचर ओढ्याकाठची किंवा झऱ्याजवळची जमीन आपल्या नावावर करून घेत. पाणी हातात आले, की भोवतालचे सरकारी गवत इतरांच्या फारसे उपयोगाचे राहत नसे. म्हणून केवळ नायकाच्या नावावर न थांबता त्या ओढ्यालगतच्या जमिनीवरचे सगळे दावे नकाशावर मांडावेत. सज्ञान मुलगा, विधवा सासू, अविवाहित मेहुणी आणि पगारी काउबॉय यांनी लागोपाठ दावे केले आणि सनद मिळताच ती जमीन रँचरला विकली, असे काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) खरेदीखतांवरून दिसले, तर रँच कशी वाढली याचा मोठा भाग तेथेच उलगडतो. विवाहित स्त्रीला सहसा स्वतंत्र दावा करता येत नसे, त्यामुळे पत्नीचे नाव या कागदांत क्वचितच दिसते.

तिच्यासाठी जनगणनेकडे वळावे. १८८० च्या लोकसंख्या पत्रकात कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते प्रथमच नोंदवले गेले, पण रँचरच्या पत्नीपुढे व्यवसाय म्हणून बहुधा ‘घर सांभाळणे’ एवढेच लिहिलेले आढळते. त्याच वर्षीचे कृषी पत्रक उपलब्ध असेल, तर ते शेजारी ठेवून वाचावे: त्यात मेलेल्या, भरकटलेल्या आणि चोरीला गेलेल्या गुरांबरोबरच वर्षभरात घरी काढलेले लोणी किती पौंड आणि अंडी किती डझन, हेही नोंदलेले असते. हे काम बहुतेक घरांत बायका आणि मुलेच करीत, आणि गुरे विकली जाईपर्यंत हाती रोख पैसा नसे, तेव्हा हे रकाने चरित्रात आलेच पाहिजेत. १९०० च्या जनगणनेत प्रत्येक आईला झालेली आणि त्यांपैकी हयात असलेली मुले नोंदवली आहेत; या दोन आकड्यांमधील फरक घरच्या आठवणींत अनेकदा कोठेच आलेला नसतो. १८९० ची बहुतेक पत्रके १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाली, त्यामुळे ती पोकळी स्थानिक वृत्तपत्रांतून भरून काढावी लागते.

गुरांवरील डागांच्या, म्हणजे मालकी ओळखण्यासाठी तापल्या लोखंडाने उमटवलेल्या खुणांच्या, नोंदवह्याही उपयोगी पडतात. डाग डावीकडून उजवीकडे, वरून खाली आणि बाहेरून आत वाचतात. आडवे पडलेले अक्षर ‘आळशी’, तर उलट्या कमानीवर ठेवलेले ‘डुलते’ म्हटले जाते. मुलीच्या किंवा पत्नीच्या नावाचा वेगळा डाग आढळला, तर घरातील गुरांची मालकी कशी विभागली होती, याचा तो उत्तम पुरावा ठरतो.

या जमिनीवर आधी कोण राहत होते, हे पहिल्याच प्रकरणात सांगावे. टेक्सासच्या पालो ड्युरो दरीत सप्टेंबर १८७४ मध्ये लष्कराने कोमांची, कायोवा आणि शायान या मूळ अमेरिकी जमातींच्या लोकांच्या छावण्या उद्ध्वस्त केल्या आणि त्यांचे हजाराहून अधिक घोडे मारले. प्रसिद्ध रँचर चार्ल्स गुडनाइट यांची गुरे १८७६ मध्ये त्याच दरीत उतरली. या दोन घटना वेगवेगळ्या पुस्तकांत वाचण्याची सवय आपल्याला लागली आहे, ती मोडावी.

जुन्या काउंटी इतिहासग्रंथांतील स्तुतिपर चरित्रे जपून वापरावीत, कारण अशा ग्रंथांत जागा मिळवण्यासाठी कुटुंबे अनेकदा आगाऊ वर्गणी भरत आणि मजकूरही तीच पुरवत. त्यातील दाव्यांची पडताळणी मृत्यूनंतर न्यायालयात दाखल झालेल्या मालमत्तेच्या यादीशी करावी. त्या यादीत खोगिरापासून शिवणयंत्रापर्यंतच्या वस्तू किमतीसह असतात आणि बहुधा देणीही दिसतात. असंख्य गुरे दगावलेल्या १८८६–८७ च्या भीषण हिवाळ्यानंतरची यादी असेल, तर ग्रंथातील ‘हजारो गुरे’ आणि प्रत्यक्ष मोजलेली गुरे हे दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात द्यावेत.