'द विझर्ड ऑफ ऑझ' घरी पाहताना या चुका टाळा

१९३९ चा हा चित्रपट मी मोठ्या टीव्हीवर पहिल्यांदा लावला तेव्हा मन खट्टू झालं. नायिका डोरोथीच्या पायातले प्रसिद्ध लाल बूट म्हणजे दोन भडक डाग दिसत होते. जुना चित्रपट आहे, एवढंच मिळणार, असं मी धरून चाललो. पण डिस्क चांगली होती, टीव्ही मात्र रंग भडक करणाऱ्या व्हिव्हिड मोडवर होता. तो काढून सिनेमा मोड लावला आणि त्याच बुटांवरची एकेक टिकली वेगळी दिसू लागली, कडेला गडद, मध्ये उजळ. घरी हा चित्रपट बिघडतो तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या सेटिंगमुळे, किंवा चुकीची आवृत्ती निवडल्यामुळे.

'जुना आहे, रंग उडालेच असणार'

सगळ्यात मोठी चूक हा समज. हा चित्रपट टेक्निकलर या त्या काळच्या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीने घेतलाय आणि तिच्या कॅमेऱ्यात रंगीत फिल्म नसायचीच. भिंगातून आलेला प्रकाश प्रिझममुळे विभागला जायचा आणि तीन कृष्णधवल निगेटिव्हवर लाल, हिरवा आणि निळा यांची वेगवेगळी नोंद व्हायची. रंग पडायचा तो शेवटी, प्रिंट काढताना, ठशाने कापड छापावं तसा एकावर एक. निगेटिव्हमध्ये रंगद्रव्यच नसल्याने उडण्यासारखं काही नव्हतं.

त्या निगेटिव्ह पट्ट्यांचा खरा शत्रू आकुंचन. वर्षानुवर्षांत तिन्ही पट्ट्या सारख्या प्रमाणात आटत नाहीत, मग एकावर एक ठेवल्या की कडा जुळत नाहीत आणि चित्र मऊ, धूसर दिसतं. वॉर्नर या स्टुडिओने तिन्ही निगेटिव्ह वेगवेगळ्या स्कॅन करून संगणकावर एकमेकींशी जुळवल्या. या पद्धतीची डीव्हीडी २००५ मध्ये आली, ८के म्हणजे अतिशय बारीक तपशिलाच्या स्कॅनवरून केलेली ब्ल्यू-रे २००९ मध्ये आणि फोर-के डिस्क २०१९ मध्ये. २००५ च्या आधीची डीव्हीडी किंवा कॅसेट हाताशी असेल तर सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही, आधी आवृत्ती बदला. मी तर २००९ ची ब्ल्यू-रे असेल तर पुष्कळ झालं म्हणेन.

त्या काळातल्या ज्या रंगीत चित्रपटांचा अमेरिकेतला कॉपीराइट संपलाय, त्यांच्या बाबतीत जास्तच सावध राहा. 'अ स्टार इज बॉर्न' (१९३७) त्यातलाच. कुणीही कसल्याही प्रिंटवरून त्याची डिस्क काढू शकतो आणि तशा पुष्कळांनी काढल्याही. वेष्टनावरचा फोटो झकास, आत पिवळट चिखल.

रंग वाढवला म्हणजे टेक्निकलर होत नाही

टेक्निकलरच्या रंग सल्लागार म्हणून ज्यांचं नाव श्रेयनामावलीत यायचं त्या नॅटली काल्मस यांचा आग्रह संयमाचा होता. कुठला रंग उठून दिसायचा आणि कुठला मागे राहायचा, हे आधी ठरायचं. लाल बूट डोळ्यात भरतात ते त्यांच्या आजूबाजूला तेवढं लाल नसतं म्हणून. टीव्हीवर कलरचा आकडा चढवला की सगळेच रंग ओरडू लागतात आणि बूट त्यात हरवतात.

सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडा, कलर टेंपरेचर 'वॉर्म' ठेवा. पहिली पाच मिनिटं चित्र पिवळं वाटेल, डोळ्यांना वेळ द्या. रंग तपासायला डोरोथीचा चेहरा घ्या. हिरव्या चेटकिणीचा चेहरा घेतलात तर काहीच कळणार नाही.

आणि हो, कॅन्ससचा, म्हणजे डोरोथीच्या घरचा भाग तपकिरी आहे तो बिघाड नाही. चित्रपट १९३९ मध्ये तसाच दाखवला होता. मधली कितीतरी वर्षं प्रिंटमध्ये आणि टीव्हीवर तो भाग निव्वळ कृष्णधवल दिसायचा. मूळ तपकिरी छटा १९८९ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, परत आली. त्या आठवणीवर विसंबून तिथे रंग शून्यावर आणू नका.

कडांना झालर दिसते? आधी निदान करा

इथे लोक हमखास गोंधळतात. चित्र थांबवा, टीव्हीजवळ जा आणि एखाद्या पात्राच्या खांद्याची कड बघा. कडेच्या बाहेर पांढरट रेघ दिसत असेल, जणू कुणी खडूने गिरवलंय, तर दोष शार्पनेसचा. तो शून्यावर किंवा तुमच्या टीव्हीत जो तटस्थ आकडा असेल त्यावर आणा, रेघ जाईल. पण एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवट झालर असेल, तर तिन्ही पट्ट्या नीट जुळलेल्या नाहीत. तो दोष आवृत्तीतला आहे, रिमोटने सुटणार नाही.

कण म्हणजे घाण नव्हे

चित्रात बारीक वळवळणारे कण दिसले की नॉइज रिडक्शन लावायचा मोह होतो. लावू नका. फिल्मवरचं चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं, ते पुसले की तपशीलही जातो. बुजगावण्याच्या चेहऱ्यावर गोणपाटाचं विणकाम आहे. नॉइज रिडक्शन बंद असताना ते गालावर धाग्यागणिक दिसतं, 'हाय' वर ठेवलं की तो गाल मेणाचा होतो.

मोशन स्मूदिंगही बंद. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आहे, मधल्या चौकटी टीव्हीने स्वतः बनवल्या की तो रोजच्या मालिकेसारखा दिसतो. वावटळीच्या प्रसंगात तर फारच वाईट. ती वावटळ म्हणजे साध्या सुती कापडाची सुमारे ३५ फूट लांब फिरती नळी, भोवती उडवलेली धूळ. त्या धुळीचा अंदाज टीव्हीला बांधता येत नाही आणि कडा फाटल्यासारख्या होतात.

काळ्या पट्ट्या भरू नका

हा चित्रपट जवळपास चौकोनी आहे, १.३७:१. आजच्या रुंद टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहणारच. चित्र ताणलं तर सगळेच लठ्ठ, झूम केलं तर वरखालचा जवळजवळ पाव भाग गेला. पत्र्याच्या माणसाची नरसाळ्याची टोपी छाटली जाते आणि पात्रं पूर्ण उभी दिसतात त्या दृश्यांत बूटच नाहीत. हा मोह फक्त घरचा नाही: १९६७ मध्ये 'गॉन विथ द विंड' रुंद ७० मिमी पडद्यासाठी असाच वरखाली कापून पुन्हा लावला होता.

पट्ट्या असूनही कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन चालू आहे, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतोय. 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय शोधा.

फोर-के घेतलं तरी काळोख?

टीव्हीची उजळण्याची ताकद कमी असेल तर फोर-के डिस्कवरचं एचडीआर चित्र (उजेड-काळोखाचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं) मंद दिसतं. आधी खोलीतले दिवे मालवा, ऊर्जा बचत मोड बंद करा. तरीही जमलं नाही तर त्याच टीव्हीवर साधी ब्ल्यू-रे लावून बघा, ती जास्त छान दिसली तर खुशाल तीच पाहा.

सगळं लावून झालं की डोरोथी घराचं दार उघडून ऑझमध्ये येते त्या प्रसंगावर थांबा. तो प्रसंग अख्खा टेक्निकलरमध्ये घेतलाय. घराचा आतला भाग तपकिरी रंगवला होता आणि दार उघडणारी आहे ती तपकिरी कपड्यातली डोरोथीची बदली नटी. म्हणजे आतला तपकिरी आणि बाहेरची बाग एकाच चौकटीत, एकाच चित्रीकरणात आहेत. दाराची चौकट लालसर किंवा हिरवट दिसली, तर पुन्हा कलर टेंपरेचरकडे वळा.