रेडिओ संकेतासाठी सॅम्पलिंग रेट कसा निवडावा

सॅम्पलिंग रेट (दर सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या) ठरवताना उपकरण जास्तीत जास्त किती नमुने घेऊ शकते याकडे आधी पाहू नये. शेवटी हाती काय यायला हवे ते लिहून काढावे आणि तिथून उलट मागे यावे. एफएम स्टीरिओ प्रसारण घेऊ. ध्वनी ४८ किलोहर्ट्झने बाहेर काढायचा आहे. प्रसारणाचे कमाल विचलन (वारंवारता मध्यापासून जास्तीत जास्त जितकी हलते ते अंतर) ७५ किलोहर्ट्झ असते आणि स्टीरिओची माहिती ५३ किलोहर्ट्झपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे कार्सनच्या नियमाने बँडविड्थ (संकेत व्यापतो त्या पट्ट्याची रुंदी) २ × (७५ + ५३), म्हणजे २५६ किलोहर्ट्झ भरते.

आय-क्यू नमुने (दर वेळी ९० अंशांनी सरकलेल्या दोन घटकांचे दोन आकडे) असतील तर रेट या बँडविड्थहून थोडा जास्त असला तरी पुरतो. साधे, एकपदरी नमुने असतील तर तो तिच्या दुपटीहून अधिक लागतो. आपले नमुने आय-क्यू आहेत असे धरू. मग २५६ च्या वरची, ४८ ने नि:शेष भाग जाणारी पहिली संख्या २८८ आहे आणि तिची आठपट २३०४. म्हणून उपकरण २.३०४ मेगाहर्ट्झवर चालवावे, आठाने डेसिमेशन करून (दर आठांतला एकच नमुना ठेवून) २८८ वर यावे, तिथे डिमॉड्युलेशन करावे (वाहक लहरीतून मूळ माहिती काढावी) आणि सहाने भागून ४८ गाठावे. याउलट २.५ मेगाहर्ट्झ हा दिसायला गोल आकडा निवडला, तर ४८ पर्यंत येण्यासाठी १२/६२५ या गुणोत्तराचा रिसॅम्पलर (रेट बदलणारा प्रोग्रॅम) लिहावा लागतो.

प्रत्येक डेसिमेशनआधी लो-पास फिल्टर (फक्त खालच्या वारंवारता जाऊ देणारा) हवाच. तीव्र कडेचा फिल्टर मात्र २८८ वर ठेवावा, कारण तेवढ्याच तीव्रतेसाठी २.३०४ मेगाहर्ट्झवर साधारण आठपट टॅप (फिल्टरचे गुणक) लागतात.

रेट उगाच वाढवला की साठवणही फुगते: ८ बिटी आय-क्यू नमुन्यांना २.३०४ मेगाहर्ट्झवर दर सेकंदाला ४.६ मेगाबाइट लागतात.

शेवटी एलियासिंग (पट्ट्याबाहेरचा संकेत पट्ट्याच्या आत खोट्या जागी उमटणे) तपासावे, आणि ही पायरी मी कधीही गाळत नाही. मध्य वारंवारता ९८ मेगाहर्ट्झ असताना ९९.३ चे जोरदार केंद्र पट्ट्याबाहेर (मध्याच्या दोन्ही बाजूंना निम्म्या रेटइतका पट्टा) पडते. उपकरणाच्या फिल्टरने ते पुरते अडवले नाही, तर ते ९६.९९६ वर उमटते. आय-क्यू नमुन्यांत मध्य वारंवारता थोडी सरकवली तरी हे भूत जागचे हलत नाही, त्यामुळे ते खरेच वाटते. रेट २.४ मेगाहर्ट्झ करावा: भूत ९६.९ वर सरकेल, खरी केंद्रे आपापल्या जागी राहतील. तसे झाल्यास मूळ रेटवर परतून मध्य वारंवारता ९८.५ करावी, म्हणजे ९९.३ चे केंद्र पट्ट्याच्या आत येते आणि भूत नाहीसे होते.