बालवर्गात मंडई कशी भरवावी

चार वर्षांचं मूल पाटीवर ५ सुरेख गिरवतं. त्यालाच ताटलीत पाच लिंबं ठेव म्हटलं, तर सात ठेवून खुशाल हसतं. संख्या आधी हाताला कळते, मग डोळ्याला. म्हणून बालवर्गात गिरवण्याआधी खेळ हवा, आणि कोल्हापुरात त्यासाठी मंडईसारखा दुसरा खेळ नाही. आजीचं बोट धरून मुलं कपिलतीर्थ नाहीतर लक्ष्मीपुरीची मंडई फिरून आलेली असतात, त्यामुळे भाव करायला त्यांना शिकवावं लागत नाही.

सुरुवातीला एकच हेतू ठरवा. या आठवड्यात पाचपर्यंत मोजणं, पुढच्या आठवड्यात जड-हलकं. दोन्ही एकदम नको.

मग सामान जमवा. कांदे, बटाटे, लिंबं, वांगी खरीच आणा. प्लॅस्टिकच्या भाजीला ना वास, ना वजन. मिरच्या मात्र नकोत, तेच हात डोळ्यांना लागतात. कपड्यांच्या हँगरला दोन सारख्या टोपल्या टांगल्या की तागडी झाली. पैसे म्हणून चिंचोके चालतात, पण वर्गात तीन वर्षांची मुलं असतील तर मोठे ठोकळे द्या, कारण चिंचोका तोंडात जायला वेळ लागत नाही. महागड्या संचाची गरजच नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, तेही भोवतालच्या साध्या वस्तू घेऊनच.

मंडईत एका वेळी सहाच मुलं सोडा: दोन विकणारी, तीन गिऱ्हाइकं, एक तागडीवर. बाकीच्यांना दुसऱ्या कोपऱ्यांत ठोकळे, चित्रं, माती द्या. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत विचारलंत तर माती मिळून जाईल. सगळा वर्ग एकदम मंडईत उतरला तर खेळ होत नाही, नुसती झोंबाझोंबी होते. वेळ अर्धा-पाऊण तास ठेवा. पहिली दहा मिनिटं गोंगाटातच जातात. तेवढ्यात टाळ्या वाजवून गप्प बसवलंत तर खेळ तिथंच संपला.

आता बाईंचं काम, आणि खरं कौशल्य इथं आहे. शिकवायला जाऊ नका, पिशवी घेऊन गिऱ्हाईक व्हा. “कशी दिली वांगी?” “दोन चिंचोक्यांना एक.” “माझ्याकडं पाचच आहेत, किती येतील?” मूल दोन वांगी देईल, उरलेल्या चिंचोक्याकडे बघत राहील. तिथं थांबा. उत्तर तुम्ही द्यायचं नाही. “हे किती? ते किती?” अशी सरबत्ती केली की मुलाला परीक्षा कळते आणि ते गप्प होतं. “लई महाग हाय!” म्हणालं तर खेळात भाषा सुधारू नका, भाव कमी करा. बुजऱ्या मुलाला तागडी द्या. तिथं बोलावं लागत नाही, पण सगळे त्याच्याकडे येतात.

खेळ संपला की गोल करून बसा. काय खपलं, काय उरलं ते मुलांना विचारून फळ्यावर चित्रांनी मांडा. प्रत्येक मुलाबद्दल वहीत एक ओळ पुरे: “तीनपर्यंत मोजतो, पुढे उड्या मारतो.” पुढच्या आठवड्याची आखणी त्यावरूनच करा.

गेटवर पालक विचारणारच, “आज काय लिहून घेतलं?” २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाची तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे, हे सभेत जरूर सांगा. पण त्याहून जास्त पटतं ते एखाद्या शनिवारी पालकांनाच गिऱ्हाईक केल्यावर.

मुलं कंटाळली की माल बदला. हिवाळ्यात गुळाचा सौदा मांडा. जड-हलकं शिकवायला छोट्या ढेपा उत्तम, फक्त मुंग्यांची सोय आधी बघा.