दात किडतात कसे आणि ते वाचवायचे कसे

पहिल्यांदा हे सांगते की दाताला कीड लागते म्हणतात पण आत किडा-बिडा काही नसतो. आमच्या आजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही, ती दाढेखाली लवंग धरायची आणि ठणका थांबला की "मेला एकदाचा" म्हणायची. लवंगेने ठणका कमी होतो हे खरं, पण खड्डा तिथेच राहतो.

दातावर नख फिरवलं की जो पांढरट चिकट थर निघतो ना, त्यात बॅक्टेरिया असतात, आपण साखर, बिस्किट, पाव काहीही खाल्लं की ते त्याचं अ‍ॅसिड करतात आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू हे सगळं निस्तरते, त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. आता गंमत बघा, जेवणावर दोन गुलाबजाम हाणले तर लाळेला सावरायला वेळ मिळतो, पण ऑफिसात दर तासाला अर्धा कप गोड चहा आणि सोबत एक बिस्किट, असं चाललं की तिला उसंतच नाही. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं ते मोजा. मधल्या वेळी तहान लागली तर साधं पाणी.

ब्रश दोन वेळा, पण एक वेळ चुकणारच असेल तर सकाळची चुकू दे, रात्रीची नको, कारण झोपेत लाळ कमी होते. पेस्ट फ्लोराइडवाली, ट्यूबच्या मागे फ्लोराइडचं प्रमाण 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 1000 भाग) आसपास लिहिलंय का बघा. 3 वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 ला वाटाण्याएवढी पुरते, जाहिरातीतल्यासारखी लांबलचक नागमोडी पट्टी नको. आणि ब्रश झाल्यावर फेस नुसता थुंका, खळखळून चूळ भरलीत तर फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. मशेरी लावत असाल तर बंद करा, तो तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे.

तान्ह्या बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, पुढचे वरचे दात आधी जातात.

आणि सहाव्या वर्षाची दाढ! इथे मी स्वतः फसले. ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे मला वाटलं दुधाचीच आहे, पडेल. लेकीला आठव्या वर्षी फिलिंग करावं लागलं, आणि ती दाढ जन्मभराची होती. ही दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचांमध्ये सीलंट (खाचा बुजवणारा पातळ लेप) भरून मिळतं, न दुखता, डेंटिस्टला विचारा. धाकट्याचं तोंड आता मी महिन्यातून एकदा मोबाइलच्या टॉर्चने बघते, हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग दिसतो का म्हणून. त्या स्टेजला दात अजून सावरू शकतो, खड्डा पडला की मग फिलिंगच.