अर्धवट फुटबॉल हंगाम बंद करताना: ठराव, गुणतक्ता, लवाद आणि पैसा

हंगाम मध्येच थांबला की बाहेर चर्चा विजेता कोण याची होते. कायद्याच्या दृष्टीने त्याआधी एक प्रश्न सुटावा लागतो: हंगाम रद्द झाला की समाप्त झाला? रद्द झाला तर झालेले सगळे निकाल पुसले जातात, तक्ता कोरा होतो आणि कोणालाच काही मिळत नाही. समाप्त झाला तर पुढचे सामने होत नाहीत, पण झालेल्या सामन्यांचे गुण कायम राहतात. बक्षीस, बढती (वरच्या श्रेणीत जाणं), पदावनती (खालच्या श्रेणीत जाणं), खंडीय स्पर्धेतली जागा, खेळाडूंचे बोनस हे सगळं या एका शब्दावर अवलंबून असतं. तरीही कार्यकारिणीच्या इतिवृत्तात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी लिहिले जातात. मसुदा हातात आला की आधी हेच तपासा.

२०१९-२० च्या हंगामात कोरोनामुळे एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरं निघाली. नेदरलँड्समध्ये २४ एप्रिल २०२० ला हंगाम संपवला: विजेता नाही, बढती नाही, पदावनती नाही, मात्र युरोपातल्या जागा त्या वेळच्या तक्त्यावरून. फ्रान्सने ३० एप्रिलला प्रति सामना गुणांच्या सरासरीने क्रम लावून पॅरिस सँ-जर्मँला विजेता ठरवलं आणि आमियाँ व तुलूझ हे दोन क्लब खाली पाठवले. भारतात आय-लीगचं काम तुलनेने सोपं होतं. मोहन बागानने १६ सामन्यांत ३९ गुण घेऊन १० मार्चलाच जेतेपद निश्चित केलं होतं. उरलेल्या सामन्यांतून ते कोणी हिसकावून घेऊ शकत नव्हतं. पदावनती ठेवली नाही आणि उरलेली बक्षिसाची रक्कम बाकी दहा क्लबांत समान वाटली. गणिताने आधीच ठरलेली गोष्ट जाहीर करायला वेगळा नियम लागत नाही. न ठरलेली गोष्ट ठरवायला मात्र लागतो, आणि भांडणं तिथेच होतात.

ठरावाआधी तीन कागद

पहिला कागद नियमावलीचा. हंगाम थांबवायचा अधिकार कार्यकारिणीला आहे, सर्वसाधारण सभेला आहे की महासंघाला, ते कलम शोधून त्याचा क्रमांक ठरावातच लिहा. दुसरा सरकारी आदेशाचा. मंत्र्यांचं भाषण किंवा वाहिनीवरची बातमी पुरत नाही. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेपर्यंत आणि नेमकी कशाला बंदी आहे हे लिहिलेली प्रत फाइलला हवी. युएफाने (युरोपच्या फुटबॉल महासंघाने) २३ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत हंगाम अकाली संपवण्यासाठी दोन कारणं धरली होती: खेळावर बंदी घालणारा अधिकृत आदेश आणि पार करता न येणारी आर्थिक अडचण. दुसरं कारण सांगायचं तर आकडे जोडावे लागतात. तिसरा कागद पर्यायांचा. रिकाम्या मैदानात खेळणं, तटस्थ ठिकाणी खेळणं, तारखा पुढे नेणं यांपैकी काय तपासलं आणि का सोडलं याची एक-दोन पानी टिपणी पुरते. ती नसेल तर 'घाईने निर्णय घेतला' या आरोपाला उत्तर उरत नाही.

मतदान असेल तर त्याची पद्धत आधी ठरवा. स्कॉटलंडमध्ये हंगाम संपवण्याच्या एप्रिल २०२० च्या ठरावाला दुसऱ्या श्रेणीत ७५ टक्के मतं हवी होती. डंडी क्लबाची विरोधी मतपत्रिका ईमेलच्या गाळणीत अडकली. ती मिळण्याआधीच क्लबाने आपलं मत धरू नका असं कळवलं आणि काही दिवसांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. ठराव मंजूर झाला, पण संशयाचं सावट महिनोन् महिने हटलं नाही. म्हणून मत कोणत्या पत्त्यावर द्यायचं, अंतिम वेळ कोणती, पोच कोण देणार आणि दिलेलं मत बदलता येईल का, ही चार वाक्यं सूचनापत्रात हवीतच.

तक्ता कसा गोठवायचा

सर्वांचे सामने सारखे झाले असतील तर प्रश्न नाही. पण ते क्वचितच तसे असतात, आणि मग 'प्रति सामना गुण' ही पद्धत येते. इंग्लंडच्या महिला सुपर लीगमध्ये मँचेस्टर सिटीचे १६ सामन्यांत ४० गुण होते, चेल्सीचे १५ सामन्यांत ३९. सरासरी अनुक्रमे २.५० आणि २.६०. एका गुणाने मागे असलेली चेल्सी विजेती झाली. पुरुषांच्या लीग वनमध्ये (इंग्लंडची तिसरी श्रेणी) विकमचे ३४ सामन्यांत ५९ गुण होते. आठव्या क्रमांकावरचा हा संघ सरासरीने तिसरा झाला, प्ले-ऑफ (बढतीसाठीचे बाद सामने) खेळला आणि वर गेला. पीटरबरोचेही ५९ च गुण, पण ३५ सामन्यांत. तो सहाव्यावरून सातव्यावर घसरला आणि प्ले-ऑफबाहेर राहिला. पदावनतीच्या काठावर ट्रॅनमिअरचे ३४ सामन्यांत ३२ गुण होते, विंबल्डनचे ३५ मध्ये ३५. कमी खेळलेला तो एक सामना जिंकला असता तर ट्रॅनमिअरची गुणांत बरोबरी झाली असती. सरासरी त्या शक्यतेला किंमत देत नाही, म्हणून ट्रॅनमिअर खाली गेला.

ही पद्धत सदोष आहे, तरी तिच्याइतकी समजावून सांगता येणारी दुसरी नाही. वापरायची तर ठरावात लिहा: दशांशाचे किती अंक धरणार, बरोबरी झाली तर गोलफरक एकूण धरणार की प्रति सामना, घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांची सरासरी वेगळी काढणार का. आणि पद्धतीला मान्यता आधी घ्या, तक्ता नंतर मांडा. निकाल समोर ठेवून सूत्र निवडलं, असं दिसलं की पक्षपाताचा आरोप आलाच.

पदावनती हा सर्वांत नाजूक भाग, कारण नुकसान नेमकं मोजता येतं आणि ते एका-दोन क्लबांवरच पडतं. फ्रान्सचा अनुभव बारकाईने पाहावा. ल्यों क्लबाची हंगाम पुन्हा सुरू करण्याची मागणी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ९ जून २०२० ला फेटाळली; हंगाम थांबवणं वैध ठरलं. पण त्याच दिवशी आमियाँ आणि तुलूझ यांची पदावनती स्थगित केली. लीग वीसच क्लबांची हवी, कारण महासंघाशी असलेल्या करारात तसं आहे, असं लीगने म्हटलं होतं. तो करार ३० जूनला संपतच होता, त्यामुळे ते कारण टिकलं नाही. लीगने पुन्हा विचार केला, वीसच क्लब ठेवले आणि पदावनती कायम राहिली. निर्णय तोच, कारण मात्र बदलावं लागलं. ठरावातलं कारण निर्णयाइतकंच काळजीपूर्वक लिहायचं ते यासाठी.

निर्णय तुमच्याविरुद्ध गेला तर

क्लबाच्या बाजूने पाहिलं तर वेळ हा खरा शत्रू. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर झालं की न्यायाधीश हात घालायला कचरतात. स्कॉटलंडच्या त्या ठरावामुळे खाली गेलेले हार्ट्स आणि पार्टिक थिसल हे क्लब न्यायालयात गेले. ३ जुलै २०२० ला न्यायालयाने कागदपत्रं देण्याचा आदेश दिला, पण वाद महासंघाच्या लवादाकडे पाठवला. २७ जुलैला लवादाने दावा फेटाळला. नवा हंगाम १ ऑगस्टला सुरू झाला.

म्हणून पहिल्याच दिवशी निर्णयाची कारणांसह लेखी प्रत मागा. अपिलाची मुदत तिच्या तारखेपासून मोजा. लोझानच्या क्रीडा लवादासाठी नियमात वेगळी मुदत नसेल तर ती २१ दिवस आहे. थेट न्यायालयात जाण्याआधी नियमावलीतलं लवादाचं कलम वाचा, कारण ते असेल तर भारतात लवाद कायदा १९९६ च्या कलम ८ खाली प्रकरण तिकडेच जातं. तातडीची स्थगिती हवी असेल तर त्याच कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयाकडे मागता येते. ज्यांना बढती मिळाली त्या क्लबांनाही पक्षकार करा. मुख्य मागणीखाली पर्यायी मागणी म्हणून नुकसानभरपाईचा आकडा हिशेबासह ठेवा. हार्ट्सने तसंच केलं होतं: पदावनती रद्द करा, नाहीतर ८० लाख पौंड द्या.

क्लबांनी जपून टाकायचं पाऊल एकच: ठरावाच्या बाजूने मत देऊन नंतर त्यालाच आव्हान देऊ नका. मत द्यावंच लागलं तर 'हक्क राखून' असं लेखी नोंदवा.

पैसा

खेळाडूंचे करार बहुतेक तारखेने संपतात, शेवटच्या सामन्याने संपत नाहीत. फिफाने ७ एप्रिल २०२० ला करार हंगामाच्या नव्या शेवटापर्यंत वाढवावेत असं सुचवलं, पण ते सुचवणंच होतं. इंग्लंडच्या चार्ल्टन क्लबाचा लाइल टेलर ३० जूनपर्यंतच्या करारावर बोट ठेवून पुढच्या सामन्यांना उतरला नाही, आणि त्याला कोणी अडवू शकलं नाही. पगारकपात करायची तर आधी बोलणी करा, सर्वांना एकच प्रमाण लावा आणि इतिवृत्त ठेवा. दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकला तर फिफाच्या नियमांतील कलम १४ बिसप्रमाणे खेळाडू लेखी नोटीस देऊन १५ दिवसांनी करार मोडू शकतो.

फोर्स मेजर (आवाक्याबाहेरची आपत्ती) म्हटलं की सगळं माफ, हा समज महागात पडतो. ते कलम करारात असेल तर त्याचे शब्द चालतात. नसेल तर भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ५६ येतं, आणि त्याला काम अशक्य व्हावं लागतं. तोट्याचं झालं एवढं पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात स्पष्ट केलं आहे. करार निष्फळ ठरलाच तर कलम ६५ प्रमाणे आगाऊ घेतलेला लाभ परत करावा लागतो. न झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपणाचे पैसे, प्रायोजकाचा हप्ता, सीझन तिकिटाचा उरलेला भाग यांची करारनिहाय यादी ठरावाच्या आधी करा. ठरावानंतर ती नोटिसांच्या रूपात समोर येते.

पुढच्या नियमावलीत घालायचं कलम फार लांब लागत नाही. असं चालेल: 'सक्षम प्राधिकरणाच्या लेखी आदेशामुळे अमुक तारखेपर्यंत सामने पूर्ण होणे शक्य नसेल आणि प्रत्येक संघाचे किमान ७५ टक्के सामने झाले असतील, तर हंगाम समाप्त मानून प्रति सामना गुणांनी (दशांशाचे तीन अंक) क्रम लावला जाईल; त्याहून कमी सामने झाले असतील तर हंगाम रद्द मानला जाईल. वाद १४ दिवसांत लवादाकडे नेला जाईल.' टक्केवारी तुमच्या लीगला साजेशी बदला, पण पहिला सामना सुरू होण्याआधी सर्व क्लबांच्या सह्या घ्या.