क्रँकबेटसाठी परवडणारा रॉड घेताय? या चुका टाळा

पंचगंगेच्या काठावर कणीक आणि गांडुळाच्या जोडीला आता लूर, म्हणजे माशाला भुलवणारी नकली आमिषं, दिसायला लागलेत. नव्या पोरांच्या डब्यात पहिला लूर बहुतेक वेळा क्रँकबेटच असतो. फुगीर पोटाचा प्लॅस्टिकचा मासा, तोंडापुढे पारदर्शक जीभ, पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन तोंडांचे गळ. रील फिरवली की ती जीभ पाणी कापते, लूर खाली बुडतो आणि डावीउजवीकडे थरथरत येतो. टाकायला सोपा, ओढायलाही सोपा. घोळ होतो तो रॉड घेताना. दुकानात गेलं की "कार्बन आहे, एकदम कडक आहे, हाच घ्या" असं सांगतात, आणि क्रँकबेटसाठी नेमका तोच रॉड सगळ्यात अडचणीचा ठरतो.

हे मी ठासून सांगतो, कारण या लूरला महागडा रॉड लागतच नाही. जरा मऊ, जरा जड, फायबर ग्लास मिसळलेला स्वस्तातला रॉड इथं हजारो रुपयांच्या ताठ कार्बनपेक्षा जास्त मासे काठाला आणतो. निवडताना काय बघायचं तेवढं कळलं पाहिजे.

कडक रॉड म्हणजे चांगला रॉड, ही समजूत

मरळीसाठी रबरी बेडूक टाकणाऱ्याला कडक रॉड लागतो. त्या बेडकाला जाड गळ असतो, तो मरळीच्या हाडाळ तोंडात रुतवायला दणका द्यावा लागतो, आणि केंदाळातून मासा उपसून काढावा लागतो. क्रँकबेटचं गणित उलटं आहे. त्याचे गळ बारीक आणि पातळ. लूर चालता असतो, मासा मागून येऊन त्याला धरतो आणि बऱ्याचदा स्वतःच अडकतो. अशा वेळी ताठ रॉडने झटका दिला की लूर तोंडात नीट शिरायच्या आतच बाहेर ओढला जातो. अडकलाच तर गळ ओठाच्या कातडीला धरून असतो, आणि मासा काठाजवळ डोकं झाडायला लागला की ती कातडी फाटते. मऊ रॉड मधूनच वाकतो. माशाला लूर तोंडात घ्यायला तेवढी सवड मिळते, आणि नंतर त्याचा प्रत्येक हिसका रॉड स्वतः सोसतो, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) सैल पडत नाही.

आता लेबलवरचा गोंधळ. रॉडवर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि बहुतेक जण त्या एकच समजतात. पॉवर म्हणजे रॉड किती जोर सोसतो: लाइट, मीडियम, मीडियम हेवी. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट म्हणजे फक्त शेंडा वाकतो, मॉडरेट म्हणजे जवळजवळ निम्मा रॉड वाकतो, स्लो म्हणजे मुठीपर्यंत. आपल्याला हवा मीडियम पॉवर आणि मॉडरेट ॲक्शन, फार तर मॉडरेट फास्ट. जपानी पद्धतीच्या लेबलवर मॉडरेटच्या जागी 'रेग्युलर' लिहिलेलं असतं. मीडियम आणि मॉडरेट दोन्ही 'म' वरून सुरू होतात म्हणून घाईत गफलत होते. मीडियम वाचून घरी आणलेला रॉड प्रत्यक्षात मीडियम पॉवरचा पण फास्ट ॲक्शनचा निघतो.

स्वस्त रॉडच्या लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, दुकानातच तपासा. तंगुसाचं एक टोक सगळ्या कड्यांमधून ओवून शेंड्याबाहेर काढा, त्याला अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली बांधा. दुसरं टोक मुठीजवळ बोटाने घट्ट धरा. रॉड तिरका ठेवून बाटली हळूहळू जमिनीपासून उचला आणि बाजूने कुणाला तरी बघायला सांगा. वाक शेंड्याच्या वीतभर भागातच राहिला आणि खालचा रॉड सरळसोट उभा असला तर तो बाजूला ठेवा. शेंड्यापासून मध्यापर्यंत एकसारखी कमान आली, कुठे कोन पडला नाही, की समजा काम झालं. हाताने शेंडा धरून वाकवू नका. तसं वाकवल्याने रॉड जितका मोडतो तितका माशाने मोडत नाही. दुकानदार कुरकुरला तरी ही तपासणी सोडू नका. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेण्याची अट आधी वाचा आणि हीच तपासणी घरी पहिल्याच दिवशी करा.

'टन' बघून भुलणं

कार्बन रॉडवर २४ टन, ३० टन असे आकडे छापतात. तो कार्बनच्या ताठरपणाचा आकडा आहे, ताकदीचा नव्हे. आकडा जितका मोठा, तितका रॉड हलका आणि हाताला जास्त खबर देणारा, पण तितकाच आपटण्याला नाजूक. मोटरसायकलला बांधून राधानगरीच्या रस्त्याने नेताना, बंधाऱ्याच्या दगडावर ठेवताना याचा हिशोब लागतो. फायबर ग्लास आणि कार्बन यांचं मिश्रण असलेला रॉड या कामाला उत्तम. हे मिश्रण काही नवं नाही, अग्ली स्टिक नावाचे रॉड १९७६ पासून त्याच तत्त्वावर चालत आलेत. हे रॉड जरा जड लागतात आणि दिवसभर फेकलं की मनगट बोलतं, एवढं सोसावं लागतं.

वजनाचा आकडा न वाचणं

मुठीच्या वर 'लूर वेट' म्हणून ग्रॅममध्ये किंवा औंसमध्ये आकडा असतो. पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, अर्धा औंस १४, पाऊण औंस २१. आपल्याकडे मिळणारे बरेच क्रँकबेट ७ ते १८ ग्रॅमच्या दरम्यान असतात, म्हणून ७ ते २१ ग्रॅम लिहिलेला रॉड बरोबर बसतो. १५ ते ४० ग्रॅमच्या रॉडला ८ ग्रॅमचा लूर लावला तर फेकताना रॉड वाकून जोर धरतच नाही, लूर चार हातांवर पडतो, आणि माणूस रीलला दोष देतो. लांबी साडेसहा ते सात फूट. घाटाच्या पायऱ्यांवरून किंवा उंच काठावरून टाकायचं असेल तर सात फूट बरा.

टेलिस्कोपिक रॉड पिशवीत मावतो म्हणून सगळ्यांना आवडतो. कणकेसाठी तो ठीक आहे. पण क्रँकबेट दिवसभर फेकावा लागतो. त्यात सांधे सैल होतात, आणि प्रत्येक सांध्यापाशी रॉड ताठ असल्याने कमान तुटक येते. दोन तुकड्यांचा सात फुटी रॉड घ्या, तुकडा साडेतीन फुटांचाच होतो. प्लंबिंगच्या दुकानातून तेवढा पीव्हीसी पाइप कापून आणला आणि दोन टोपणं लावली की वाहतुकीची चिंता मिटली.

काठावर आल्यावर काहीतरी बिघडतं तेव्हा

मासा लागतो आणि काठाजवळ सुटतो: ही सगळ्यात नेहमीची तक्रार. रॉड कडक असेल तर कारण वर सांगितलंच. पण रॉड बरोबर असूनही असं होत असेल तर ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, दोरी तर लावली नाही ना ते बघा. ब्रेड ताणतच नाही, त्यामुळे मऊ रॉडने कमावलेलं ती घालवते. १० ते १२ पौंडाचं साधं नायलॉन तंगूस वापरा, ते रबरासारखं थोडं ताणतं. ब्रेडच हवी असेल तर रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सोडणारा ब्रेक, सैल ठेवा. गळाची टोकं नखावर टेकवून बघा. घसरली तर बोथट झालीत, बदला. झटका देऊ नका, रॉड बाजूला ओढत रील फिरवत राहा, तेवढ्याने गळ बसतो.

लूर एका अंगाला पळतो: रॉडचा काही दोष नाही. लूरचं तोंड स्वतःकडे करून धरा आणि ज्या बाजूला तो पळतो, तिच्या उलट बाजूला तोंडावरची कडी पक्कडीने केसभर वळवा. पाण्यात ओढून बघा, गरज पडली तर पुन्हा वळवा.

थरथर अचानक थांबते: गळाला केंदाळाचा धागा किंवा शेवाळ लागलंय, काढा. पहिल्यापासूनच थरथर हाताला कळत नसेल तर रॉड गरजेपेक्षा मऊ आहे, म्हणजे तुम्ही सस्त्या भरीव ग्लासचा रॉड घेतलाय. पोकळ ब्लँक (रॉडची मूळ नळी) असलेला मिश्र रॉड आणि भरीव काठी यात हा फरक पडतो.

दोरी खरवडते, मध्येच तुटते: कड्यांच्या आतल्या सिरॅमिक रिंगा बघा. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने प्रत्येक कडी आतून पुसा. कापसाचा तंतू जिथे अडकतो तिथे चीर आहे. नवा रॉड घेतानाही हे करा, स्वस्त रॉडमध्ये हा दोष घरी आल्यावर उघडकीला येतो. फेकताना वरचा तुकडा निघून जात असेल तर सांध्याला मेणबत्ती हलकेच घासा, आणि तासाभराने तो पिळून घट्ट करायची सवय ठेवा.

लूर तळाशी अडकला तर रॉड वाकवून हिसके देऊ नका. नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांच्या खाली दगड, जुन्या जाळ्यांचे तुकडे, फुटके बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या) पडलेले असतात. बरेचसे क्रँकबेट तरंगणारे असतात, म्हणून दगडाला जीभ टेकल्याचं जाणवलं की रील थांबवा, दोरी सैल सोडा, लूर आपोआप वर उठतो. नाहीच निघाला तर रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरून, हातावर फडकं गुंडाळून दोरी ओढा. मासा पायाशी आल्यावर रॉड उभा ताठ करणं हीसुद्धा शेंडा मोडण्याची हमखास रीत आहे. जाळं घ्या किंवा काठाकडे सरकवत आणा.

पाणी न बघता रॉड घेणं

काळम्मावाडी धरणाच्या बॅकवॉटरला लांब जिभेचा, खोल जाणारा क्रँकबेट लागतो. तो पाण्यात जोराने ओढतो, म्हणून मीडियम हेवी पॉवर चालेल, ॲक्शन मात्र मॉडरेटच. उथळ तलावात आखूड जिभेचा लूर आणि मीडियम रॉड पुरतो. केंदाळ दाट असेल तिथे क्रँकबेट बाहेरच काढू नका, तीन तोंडांचे गळ पहिल्या फेकीत भरतात. आणि रोहू-कटला धरायचे असतील तर हा खर्चच करू नका. क्रँकबेट हा मरळ, शिवडा, महसीर अशा शिकारी माशांसाठी आहे. बऱ्याच तलावांत आणि धरणांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो, राधानगरी तर अभयारण्य आहे, म्हणून रॉड उघडण्याआधी परवानगी विचारा.

रॉड-रीलचं मिळून तीन हजारांचं बजेट असेल तर सगळं रॉडवर घालू नका. साधारण पाचास एक गिअरची (हँडलच्या एका फेऱ्याला दोरी पाच फेरे गुंडाळणारी), २५०० किंवा ३००० साइजची स्पिनिंग रील घ्या. फार वेगाची रील क्रँकबेटला गरजेपेक्षा जोरात ओढते. उरलेल्या पैशांत चांगले गळ आणि लांब नाकाची पक्कड.

राहिली एक गोष्ट, आणि ती जिवाची आहे. आपल्याकडे नदीकाठाने शेतीपंपांच्या विजेच्या तारा गेलेल्या असतात, काही ठिकाणी खूप खाली लोंबतात. कार्बनमधून वीज वाहते, मिश्र रॉडमध्येही कार्बन असतोच. सात फुटांचा रॉड डोक्यावरून मागे नेला की शेंडा बघता बघता दहा-बारा फुटांवर जातो. तारेखाली उभं राहून फेकू नका, जोडलेला उभा रॉड खांद्यावर घेऊन तारेखालून चालू नका, आणि ढग गडगडायला लागले की रॉडचे तुकडे सोडवून पाइपात घाला आणि काठ सोडा.