इराणी हॉटेलातल्या लाकडी खुर्चीचं वय कसं ओळखायचं

मुंबई-पुण्यातली इराणी हॉटेलं एकेक करून बंद होत गेली, तशा त्यांच्या गोल बैठकीच्या, कमानदार पाठीच्या खुर्च्या जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे किंवा कुणाच्या तरी माळ्यावर जाऊन पडल्या. अशी खुर्ची हाती येते तेव्हा बहुधा डुगडुगत असते. अंगावर ऑइलपेंटचे तीन-चार थर असतात आणि वेताच्या जागी प्लायवूड ठोकलेलं असतं. विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘शंभर वर्षांची आहे.’ ती खरोखरच तेवढी जुनी असेल किंवा इथल्याच सुताराने केलेली बरीच अलीकडची नक्कल असेल. हा फरक अर्ध्या तासात कळतो. तोवर पॉलिश पेपर आणि पेंट रिमूव्हर मात्र लांब ठेवा. वयाचा बहुतेक पुरावा बैठकीच्या खालच्या अंगाला असतो आणि साफसफाईच्या उत्साहात सर्वांत आधी तोच घासला जातो.

टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, रंगाचा कोरडा मऊ ब्रश आणि फोटोसाठी मोबाइल एवढं सामान पुरे.

आधी या खुर्चीचं मूळ लक्षात घ्या. मिखाएल टोनेट या जर्मन कारागिराच्या व्हिएन्नातल्या कंपनीने १८५९ मध्ये ‘१४ नंबर’ची खुर्ची आणली. लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू आणि २ नट यांत ती उभी राहते. सुटे भाग केले की एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत, म्हणून बोटीने जगभर पाठवणं परवडे. वाकवलेल्या लाकडावरचा टोनेटचा एकाधिकार १८६९ मध्ये संपला आणि इतर कारखान्यांनीही तशाच खुर्च्या काढायला सुरुवात केली. त्यामुळे केवळ घाट बघून ‘टोनेटची आहे’ म्हणता येत नाही.

पहिली परीक्षा: वाकवलेली की कापलेली?

पाठीची बाहेरची कमान आणि मागचे दोन पाय हा एकच सलग तुकडा असतो. कमानीच्या माथ्यावर, जिथे रंग उडालेला असेल तिथे, टॉर्च आडवा धरून लाकडाच्या रेषा बघा. अस्सल खुर्चीत रेषा वळणाबरोबर वळतात. एका पायाच्या तळापासून निघालेली रेघ कमानीवरून दुसऱ्या पायात उतरते आणि मध्ये सांधा लागत नाही. कारखान्यात बीच या युरोपातल्या झाडाच्या लाकडाची काठी वाफेवर मऊ करत आणि बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट बांधून साच्यात वाकवत. लाकूड दाब बरंच सोसतं, ताण मात्र सोसत नाही. पट्टी नसेल तर वळणाच्या बाहेरचे तंतू फाटतात.

फळीतून कापून काढलेल्या नकलेत रेषा सरळ जातात आणि वळणावर कडेतून बाहेर पडतात. कमान दोन-तीन तुकडे जोडून केलेली असते. ती मोडतेही त्याच ठिकाणी, जिथे रेषा आडवी येते.

आता लाकूड. बीच फिकट, गुलाबीसर तपकिरी असतं आणि भिंगाखाली त्यात काही मिलिमीटर लांबीच्या गडद बारीक रेघोट्या विखुरलेल्या दिसतात. सागवान सोनेरी, ठळक रेषांचं असतं आणि हाताला तेलकट लागतं. बीचचं झाड आपल्याकडचं नाही. सागवानी, सांधे असलेली कमान दिसली की ती खुर्ची इथल्याच सुताराची समजा. तिच्यावर युरोपातला छाप शोधत बसू नका.

दुसरी परीक्षा: खुर्ची उलटी करा

इथे घाई नको. बैठकीच्या लाकडी कड्याची आतली बाजू कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं अजिबात लावू नका, कागदी लेबल असेल तर ते पाण्याने लगेच सुटतं. टॉर्च तिरका धरला की रंगाखाली दबलेली अक्षरंही उठून दिसतात. टोनेटचा छाप रोमन अक्षरांत टी-एच-ओ-एन-ई-टी असा लाकडात दाबलेला असतो. याकोब आणि योसेफ कोन या मोठ्या स्पर्धक कंपनीच्या नावात के-ओ-एच-एन ही अक्षरं शोधा. ‘मुंडुस’ ही कंपनी १९०७ ची. १९१४ मध्ये कोन तिच्यात आली आणि १९२० च्या दशकात टोनेटही. म्हणून टोनेट आणि मुंडुस ही दोन्ही नावं एकत्र दिसली तर खुर्ची त्या एकत्रीकरणानंतरचीच.

नाव पुसट असलं तरी देशाचं नाव वाचता आलं तर निम्मं काम झालं. या खुर्च्यांचे बरेच कारखाने मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात होते. १९१८ पर्यंत हा भाग ऑस्ट्रियाकडे होता, नंतर चेकोस्लोव्हाकियात गेला. म्हणजे ‘ऑस्ट्रिया’ लिहिलेली मोराव्हियातली खुर्ची साधारण १९१८ च्या आधीची आणि ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेली नक्कीच त्यानंतरची. ‘पोलंड’ लिहिलेलं असेल तरी १९१८ नंतरचीच, कारण त्याआधी स्वतंत्र पोलंड नव्हता. ‘टॉन’ हे टोनेटच्या मोराव्हियातल्या जुन्या कारखान्याचं नाव १९५३ पासूनचं आहे. मिळेल त्या प्रत्येक अक्षराचा फोटो लगेच काढून ठेवा.

तिसरी परीक्षा: बैठक आणि लोखंड

प्लायवूडखालच्या कड्यावर आतून समान अंतरावर छिद्रांची रांग असेल तर मूळ बैठक हाताने विणलेल्या वेताची होती आणि प्लायवूड मागाहून आलं. छिद्रांऐवजी वरच्या अंगाला गोल खाच असेल तर तयार विणलेला वेत पट्टीने दाबून बसवला होता. दोन्ही नसेल तर बैठक मुळातच दाबलेल्या प्लायची असू शकते. अशा बैठका १९ व्या शतकाच्या अखेरीपासून निघत होत्या. त्यांवर नक्षी उठवलेली किंवा भोकांची रांगोळी पाडलेली असते. म्हणून प्लाय दिसलं की ‘दुरुस्ती’ म्हणून उखडू नका.

फुलीच्या खाचेचे स्टार स्क्रू १९३० च्या दशकापासूनचे. त्याआधीच्या खुर्चीत ते दिसले तर दुरुस्ती झालेली आहे. एक स्क्रू काढून त्याचं भोक बघा. भोकाच्या आत दुसऱ्या, जाड स्क्रूचा गंजलेला काळा डाग असेल तर मूळ स्क्रू बदलला गेला आहे. एका नव्या स्क्रूवरून अख्खी खुर्ची नवी ठरवणं ही नेहमीची चूक. उलटी चूकही तितकीच होते: लेबल असलेलं कडं एका खुर्चीचं आणि पाठ दुसरीची. हॉटेलवाले मोडक्या दोन खुर्च्यांतून एक धड खुर्ची करत. पाठ, कडं आणि पाय यांचं लाकूड आणि रंगांच्या थरांचा क्रम जुळतो का, हे ताडून बघा.

भुंग्याची भोकं बीचमध्ये सर्रास मिळतात, पण त्यांवरून वय ठरत नाही. भोकाखाली ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर किडा जिवंत आहे. ती खुर्ची घरातल्या इतर लाकडापासून लगेच वेगळी ठेवा.

उंची मोजा. बैठक जमिनीपासून साधारण ४५-४६ सेंटीमीटरवर असते. ४३ च्या खाली भरली तर पाय कापलेले असण्याची शक्यता मोठी. हॉटेलची फरशी रोज धुतली जायची, पायांचे तळ कुजायचे आणि सुतार ते दोन-तीन सेंटीमीटर छाटून चारही पाय सारखे करायचा.

तारीख लिहिताना एकच साल ठोकून देऊ नका. समजा लाकूड बीच, कमान सलग, लेबलावर ‘चेकोस्लोव्हाकिया’, वेताची छिद्रं मूळची, स्क्रू स्टारचे पण भोकात जुन्या स्क्रूचा गंजलेला डाग. नोंद अशी करा: ‘खुर्ची १९१८ नंतरची, स्क्रू मागाहून बदललेले.’ सहाही लाकडी भाग मूळचे आहेत का, हे पुढे लिहा.

त्यानंतरच दुरुस्ती. लेबलावर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्याच्या कडेने चिकटपट्टी लावा. चिकटपट्टी कागदाला लागू देऊ नका. ढिल्या सांध्यात खिळा ठोकू नका. लाकूड त्या रेषेवरच उभं फाटतं आणि शंभर वर्षं टिकलेली कमान एका ठोक्यात जाते. सांधा पूर्ण सोडवा, जुना सरस खरवडून काढा, नवा सरस लावून दोरीने आवळा आणि २४ तास हलवू नका.